दशांश अपूर्णांक : लिहिणे, वाचणे आणि तोलणे

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





शिक्षणावरील भाषण म्हटले की थोर ध्येये, समाजाची उन्नती असे मोठे विषय घेण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु समाजाची उन्नती शेवटी वर्गातल्या फळ्यावरच व्हायची असते, आणि म्हणून मी आज फळ्यावरचाच एक छोटासा विषय आपल्यापुढे ठेवणार आहे. तो म्हणजे दशांश अपूर्णांक. मुलांनी ते नीट लिहावेत, नीट वाचावेत आणि दोन अपूर्णांकांतला लहान कोणता, मोठा कोणता हे बिनचूक ओळखावे, एवढाच माझा आग्रह आहे.

विषय छोटा असला तरी त्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. पाचवी-सहावीपर्यंत बेरीज-गुणाकारात चांगली असलेली मुले या टिंबापाशी अडखळतात. मग टक्केवारी समजत नाही, व्याज समजत नाही, विज्ञानातील मोजमाप समजत नाही. आठवीत गेल्यावर आपण त्या मुलाला ‘गणितात कच्चा’ असा शिक्का मारतो आणि घरचे लोक म्हणतात, ‘याला शिकवून काय उपयोग, कामाला लावा.’ मुलगी असली तर तेवढेही बोलण्याची कोणी तसदी घेत नाही. २००१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण ६४.८ टक्के आणि मुस्लिम समाजातील प्रमाण ५९.१ टक्के नोंदवले गेले. हे दोन आकडे आपण सभांमधून कितीदा तरी ऐकले. पण ते दोन्ही आकडे दशांशात आहेत, आणि त्यांतले अंतर ५.७ आहे हे ज्याला स्वतःला काढता येत नाही त्याला आपल्याच समाजाची स्थिती दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते, हा मुद्दा आपण लक्षात घ्यावा.

चूक कोठे होते?

आपल्या घरातील पाचवीच्या किंवा सहावीच्या मुलाला आज संध्याकाळी विचारून पाहा : ०.८ मोठा की ०.७५ मोठा? पुष्कळ मुले ०.७५ मोठा म्हणतील. कारण विचारा. ‘पंचाहत्तर आठपेक्षा मोठे’ असे उत्तर येईल. हे मूल मूर्ख नाही. चार वर्षे आपण त्याला शिकवले की ज्या संख्येत अंक अधिक ती संख्या मोठी. पूर्ण संख्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. त्याने शिकलेला नियम टिंबाच्या पलीकडेही लावला, एवढेच.

दुसऱ्या प्रकारचे मूल याच्या उलट वागते. त्याने ऐकलेले असते की शतांश हा दशांशापेक्षा लहान असतो. त्यावरून ते ठरवते की टिंबापुढे जितके अंक जास्त तितकी संख्या लहान. अशा मुलाला ०.८ आणि ०.७५ विचारले तर ते बरोबर उत्तर देईल आणि आपण खूष होऊ. पण त्यालाच ०.३ आणि ०.४५ विचारा, ते ०.३ मोठा म्हणेल. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात के स्टेसी आणि व्हिकी स्टाइनले या संशोधक बाईंनी मुलांच्या या विचारपद्धतींचा अनेक वर्षे अभ्यास केला. मुलांच्या चुका वाटेल तशा नसतात, प्रत्येक चुकीमागे मुलाने मनाशी धरलेला एक नियम असतो, हा त्या अभ्यासाचा आपल्या कामाचा भाग आहे.

शिक्षक बंधू-भगिनींनो, यातून आपल्या प्रश्नपत्रिकेविषयी एक गोष्ट निघते. आपण बहुधा विचारतो : २.३६ आणि २.४१ यांतील मोठी संख्या कोणती? दोन्हीकडे टिंबापुढे दोन-दोन अंक. येथे पहिल्या प्रकारचे मूलही बरोबर येते, दुसऱ्या प्रकारचेही बरोबर येते. दोघांनाही पूर्ण गुण मिळतात आणि दोघांचाही गैरसमज तसाच वरच्या वर्गात जातो. म्हणून चाचणीत किमान चार जोड्या अवश्य असाव्यात. पहिली, ०.८ आणि ०.७५. दुसरी, ०.३ आणि ०.४५. तिसरी, ३.८ आणि ३.०८, येथे शून्याची जागा ज्याला कळली नाही तो दोन्ही सारखेच म्हणतो. चौथी, ०.७ आणि ०.७०, येथे खरोखरच दोन्ही सारखे आहेत. या चार जोड्यांची उत्तरे पाहिली की कोणत्या मुलाच्या मनात काय चालले आहे हे शिक्षकाला कळते. गुण किती मिळाले याहून ते कळणे अधिक मोलाचे आहे.

आधी वस्तू, मग टिंब

आता शिकवावे कसे? टिंब फळ्यावर काढण्याआधी मुलांच्या हातात वस्तू द्यावी, असे मी सुचवतो. त्यासाठी महाग साहित्य लागत नाही. जाड पुठ्ठ्याची किंवा जुन्या वर्तमानपत्रांची बरोबर एक मीटर लांबीची पट्टी कापा. ती म्हणजे एक. तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या पट्टीचे दहा सारखे तुकडे करा; प्रत्येक तुकडा दहा सेंटीमीटरचा. तो एक दशांश. त्यातील एका तुकड्याचे पुन्हा दहा सारखे भाग करा. प्रत्येक एक सेंटीमीटरचा. तो एक शतांश. त्याचेही दहा भाग मनात करायचे, म्हणजे एक मिलिमीटर, तो सहस्रांश. आपल्यातील कितीतरी पालक शिवणकाम करतात. त्यांच्या घरी टेप असते आणि तिच्या एका बाजूला सेंटीमीटर असतात. तीही चालेल.

आता मुलाला सांगा, ०.८ मांड. ते आठ मोठे तुकडे एकापुढे एक मांडील. मग ०.७५ मांडायला सांगा. सात मोठे आणि पाच लहान तुकडे लागतील. दोन्ही रांगा शेजारी ठेवल्या की कोणती लांब हे डोळ्यांनीच दिसते. यात शिक्षकाने एक शब्दही बोलण्याची आवश्यकता नाही. मग ०.७ मांडायला सांगा आणि सत्तर लहान तुकड्यांची रांग किती लांब होईल ते विचारा. ०.७ आणि ०.७० सारखे का, हे तेथेच उमगेल.

यानंतरच स्थानांचा तक्ता काढावा. शतक, दशक, एकक आणि त्याच्या उजवीकडे दशांश, शतांश, सहस्रांश. मुलांना हे ठसवावे की डावीकडून उजवीकडे जाताना प्रत्येक घरी दहावा हिस्सा होतो, आणि एककाचे घर ओलांडल्यावरही हा नियम मोडत नाही. टिंब हे काही घर नव्हे. एककाचे घर येथे संपले, एवढे सांगणारी ती खूण आहे. तक्त्याच्या मधोमध टिंब नसून एकक आहे : एककाच्या एका बाजूला दशक, दुसऱ्या बाजूला दशांश, दोन घरे पलीकडे एका बाजूला शतक, दुसऱ्या बाजूला शतांश. हे लक्षात आले की ‘टिंबानंतर एकांश का नाही?’ हा मुलांचा नेहमीचा प्रश्न आपोआप सुटतो.

लिहिणे आणि वाचणे

वाचण्याच्या सवयीतून अर्धा घोटाळा होतो. ०.७५ ला आपण ‘पॉइंट पंचाहत्तर’ म्हणतो. पंचाहत्तर म्हटले की मुलाच्या कानात पूर्ण संख्या वाजते. म्हणून सुरुवातीचे काही महिने तरी ‘शून्य पूर्णांक सात दशांश पाच शतांश’ असे वाचून घ्यावे. लांबलचक वाटते खरे, पण अर्थ त्यात आहे. पुढे सराव झाल्यावर ‘शून्य दशांश चिन्ह सात पाच’ असे एकेक अंक सुटा वाचावा.

लिहिण्यात शून्याची कसोटी लागते. ‘तीन पूर्णांक सात शतांश’ लिहायला सांगा. दशांशाच्या घरात काही नाही, तेथे शून्य हवे : ३.०७. पुष्कळ मुले ३.७ लिहितात. ‘एक मीटर पाच सेंटीमीटर’ म्हणजे १.०५ मीटर, १.५ नव्हे. ‘दोन किलो पन्नास ग्रॅम’ म्हणजे २.०५० किलो, आणि ‘दोन किलो पाच ग्रॅम’ म्हणजे २.००५ किलो. ‘बारा दशांश’ असे सांगितले तर ०.१२ नव्हे, १.२, कारण दहा दशांशांचा एक पूर्ण झाला. असे प्रश्न तोंडी विचारून पाटीवर किंवा वहीवर लिहून घ्यावेत.

मकतबमध्ये जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अरबी आणि उर्दू अंकांत शून्य हे टिंबासारखे लिहितात. कुरआन शरीफमधील आयतींचे क्रमांक वाचणाऱ्या मुलाच्या दृष्टीने टिंब म्हणजे शून्य, आणि त्याच दिवशी शाळेत टिंब म्हणजे दशांश चिन्ह. त्याचा गोंधळ झाला तर रागावू नये. दोन लिप्यांतील दोन खुणा शेजारी लिहून फरक दाखवावा. दोन लिप्या येणे ही त्या मुलाची जमेची बाजू आहे.

फसवी टिंबे

मुलाला रोज दिसणारी सगळी टिंबे दशांशाची नसतात, हेही सांगितले पाहिजे. निकाहच्या पत्रिकेत ‘सकाळी १०.३०’ छापलेले असते. ते दहा तास आणि तीस मिनिटे, साडेदहा. दशांशात साडेदहा म्हणजे १०.५. क्रिकेटमध्ये ४.३ षटके म्हणजे चार षटके आणि तीन चेंडू. षटकात चेंडू सहा, म्हणून ती साडेचार षटके झाली, आणि ४.५ नंतरचा योग्य चेंडू पडला की ५ षटके पूर्ण होतात. वर्गात हा विषय काढून पाहा, मागच्या बाकावरील मुलेही पुढे सरकतील. पुस्तकातील प्रकरणांचे ३.९ नंतरचे ३.१० हेही असेच. दशांशात ३.१० हे ३.९ पेक्षा लहान आहे. पुस्तकात मात्र ते नंतर येते.

पैशांचे उदाहरण आपण सर्रास देतो. १ एप्रिल १९५७ पासून आपल्या देशात रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै असा हिशेब होता. तेव्हा मुलांच्या खिशात खरोखरच पैसे असत. आता २५ पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली आणि ५० पैशांचे नाणेही मुलांच्या हातात क्वचितच येते. जे कधी पाहिले नाही त्याचे उदाहरण देऊन विषय सोपा होत नाही. शिवाय रुपये वेगळे आणि पैसे वेगळे अशा दोन पूर्ण संख्या मुलाच्या डोक्यात राहतात आणि दोन अंकांपुढे त्याची गाडी जात नाही. म्हणून पैशापेक्षा लांबी आणि वजन बरे.

मात्र आपल्या भाषेत एक मोठी शिदोरी आहे. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द बाजारात जाणाऱ्या प्रत्येक मुलाला येतात. जुन्या शाळांत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. १.२५ मोठा की १.५, असे विचारले तर मूल चुकेल. पण सव्वा मोठा की दीड, असे विचारले तर चुकणार नाही. तेव्हा आधी सव्वा म्हणजे १.२५, दीड म्हणजे १.५ आणि पावणेदोन म्हणजे १.७५ हे जुळवून द्या. जे त्याला बाजारात कळते ते वहीतही कळते, हा विश्वास त्याला येऊ द्या.

उश्र, जकात आणि दशांश

आता आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. उर्दूत दशांशाला ‘आशारिया’ म्हणतात. तो शब्द अरबीतील दहा या अर्थाच्या शब्दापासून आला, आणि शेतीच्या उत्पन्नावरील ‘उश्र’ हाही त्याच कुळातला. त्याचा अर्थच दहावा हिस्सा. सापडलेल्या पुरलेल्या धनावर पाचवा हिस्सा, पावसाच्या पाण्यावरील पिकावर दहावा, स्वतः पाणी देऊन काढलेल्या पिकावर विसावा आणि साठवलेल्या धनावरील जकात चाळिसावा हिस्सा. हेच दशांशात लिहू : ०.२, ०.१, ०.०५ आणि ०.०२५. प्रत्येक हिस्सा आधीच्या निम्मा आहे. मोठ्याकडून लहानाकडे येणारी ही मालिका मुलांना उलटसुलट करून द्या आणि लावायला सांगा. ज्याला ०.०२५ सर्वांत मोठा वाटतो, त्याला अजून पट्ट्यांची गरज आहे.

चुकले तर काय होते तेही सांगा. एक लाख रुपयांवर जकात ०.०२५ प्रमाणे २,५०० रुपये. टिंब एक घर उजवीकडे सरकले आणि ०.२५ झाले तर २५,००० रुपये. डावीकडे सरकले तर २५० रुपये. एकदा स्वतःवर अन्याय, एकदा हक्कदारावर.

सोन्याचा निसाब आपल्याकडे साडेसात तोळे सांगितला जातो. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, म्हणून साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम. हल्ली सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, त्या हिशेबाने ७५ ग्रॅमच होतील. म्हणून तोळा कोणता हे आधी विचारावे. आता एखाद्या घरी ८७.५ ग्रॅम सोने आहे. ‘अठ्ठेचाळीस पाचापेक्षा मोठे’ असे समजणारा म्हणेल, निसाब पुरा झाला नाही. वस्तुतः ८७.५ म्हणजे ८७.५०, आणि ते ८७.४८ पेक्षा ०.०२ ग्रॅमने अधिक आहे. कर्ज, इतर मालमत्ता आणि मसलक यांचा विचार आलिम मंडळींनी सांगावा. परंतु दोन संख्यांतली मोठी कोणती हे आपल्या मुलांनी सांगितले पाहिजे.

घरातील औषधाचेही तसेच. लहान बाळाला २.५ मिलिलिटर औषध सांगितले असताना टिंब नजरेआड झाले तर ते २५ होते, दहापट. म्हणूनच औषधाचे प्रमाण लिहिताना टिंबाआधी शून्य जरूर लिहावे, .५ न लिहिता ०.५ लिहावे, आणि ५ च्या पुढे विनाकारण .० लावू नये, अशी खबरदारी घेतात. आपल्या मुलींना उद्या घर सांभाळायचे असो की दवाखाना, हे टिंब त्यांना ओळखता आलेच पाहिजे.

हा वारसा कोणाचा?

दशमान अंकपद्धती भारतात जन्मली. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी यांनी या हिंदी अंकांवर ग्रंथ लिहिला. हिजरी ३४१, म्हणजे इसवी सन ९५२-५३ मध्ये, दमास्कस येथे अल्-उक्लिदिसी यांनी हिंदी गणितावरील आपल्या ग्रंथात दशांश अपूर्णांक वापरले आणि एककाच्या अंकावर खूण करून पुढील अंक वेगळे दाखवले. समरकंदच्या अल्-काशी यांनी १४२४ मध्ये वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर सोळा दशांश स्थळांपर्यंत बिनचूक काढले आणि १४२७ च्या आपल्या ग्रंथात दशांश अपूर्णांकांची पद्धतशीर मांडणी केली. युरोपात सायमन स्टेव्हिन यांची या विषयावरील पुस्तिका १५८५ ची. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा अनेकांच्या हातांनी ही इमारत उभी राहिली.

अल्-उक्लिदिसी यांचे एक उदाहरण आपण वर्गात जसेच्या तसे घेऊ शकतो. १९ ची पाच वेळा निमपट करायची : ९.५, ४.७५, २.३७५, १.१८७५ आणि शेवटी ०.५९३७५. मुलांना ही उत्तरे एकाखाली एक, टिंबाखाली टिंब ठेवून लिहायला सांगा. प्रत्येक ओळीत अंक वाढत जातात आणि किंमत मात्र घटत जाते. अंक अधिक म्हणजे संख्या मोठी, हा समज येथे मुलाच्या स्वतःच्याच हाताने मोडतो. एक हजार वर्षांपूर्वीचा हा धडा आजही तितकाच ताजा आहे. परंतु पूर्वजांचा अभिमान सांगून आपली मुले पास होणार नाहीत. अभिमान खरा असेल तर तो धडा वर्गात घ्यावा लागेल.

तुलना करताना

शेवटी तुलनेची रीत सांगतो. टिंबाखाली टिंब येईल अशा संख्या मांडाव्यात. डावीकडून सुरुवात करून घरोघर पाहावे. पूर्णांक सारखे असले तर दशांश पाहावेत, ते सारखे असले तर शतांश. जेथे पहिला फरक पडेल तेथेच निकाल लागतो, पुढचे अंक कितीही असोत. मागे शून्ये लावून अंक सारखे करण्याची युक्तीही चांगली आहे, पण पाच दशांश म्हणजेच पन्नास शतांश हे पट्ट्यांवर पाहिल्यानंतरच ती द्यावी. एरवी ती नुसती युक्ती राहते आणि परीक्षेनंतर विसरते. तसेच ‘दहाने गुणताना शून्य लावा’ हा पूर्वीचा नियम आता चालत नाही, हे स्पष्ट सांगावे. २.५ ला शून्य लावले तर २.५० होते, म्हणजे होते तेवढेच राहते. दहाने गुणले की प्रत्येक अंक एक घर डावीकडे जातो आणि २५ होतात.

हा फरक किती बारीक असू शकतो ते मुलांना एका शर्यतीवरून सांगा. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा यांनी ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ५५.४२ सेकंदांत पुरी केली. कांस्यपदक मिळवणाऱ्या रुमानियाच्या धावपटूची वेळ होती ५५.४१ सेकंद. एका शतांशाने देशाचे पदक गेले. शतांश म्हणजे काय, हे मुले त्यानंतर विसरत नाहीत.

पालकहो, आपल्यापैकी ज्यांना शाळेत फार शिकता आले नाही त्यांनीही मागे राहू नये. आज घरी गेल्यावर मुलाला त्या चार जोड्या विचारा आणि उत्तर आले की एवढेच म्हणा, ‘बेटा, कसे ते दाखव.’ चुकले तर मारू नका, हसू नका. पुठ्ठ्याची पट्टी पुढे करा. आणि शिक्षकांनो, ज्या मुलाने ०.७५ मोठा म्हटले त्याला कच्चा म्हणण्यापूर्वी त्याचे कारण ऐकून घ्या. कारण ऐकून घेतले तर ते मूल शाळेत टिकेल, आणि मुले शाळेत टिकावीत म्हणूनच तर ही संस्था उभी आहे.

अल्लाह आपणा सर्वांना या कामाची तौफीक देवो.